लक्ष्मी घरी आली, पुढे काय?



ऑक्टोबरमधली गोष्ट. बुधवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. मी प्रयोगशाळेत सेंट्रिफ्यूज थांबायची वाट पाहत बसलो होतो आणि दारात माझा भाचा उभा. तो इथेच, सिलिकॉन व्हॅलीतल्या एका चिप कंपनीत इंजिनीयर आहे. "मामा, दहा मिनिटं आहेत का तुला?" आठवड्याच्या मधल्या वारी भरदिवसा आला म्हणजे सांगलीहून काहीतरी वाईट बातमी असणार, असं मला वाटलं. तसं काही नव्हतं. त्याने रजा टाकली होती. दहा मिनिटांचे चार तास झाले. निघताना तो म्हणाला, "मामा, रोज सकाळी उठून मी नक्की कशासाठी ऑफिसला जातो तेच मला कळेनासं झालंय. आणि हे कोणाला सांगायची सोय नाही. ऐकणारा मला जोड्याने मारेल."

मी त्याला मारलं नाही. पण खरं सांगायचं तर तसा विचार माझ्याही मनात येऊन गेला. त्याचं वय ३३. कर भरून झाल्यावर त्याच्याकडे आज सुमारे ४० लाख डॉलर आहेत, म्हणजे ३० कोटी रुपयांच्याही वर. मी डॉक्टरेट केल्यापासून क्षयाच्या जंतूतल्या एका प्रथिनामागे लागलो आहे आणि त्या सगळ्या वर्षांचा माझा एकूण पगार मिळवला तरी या आकड्याच्या जवळपास जात नाही. असूया वाटली. ती वाटली हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं लिहिणं त्या असूयेतून आलंय का, ते तुम्हीच ठरवू शकाल. हे सगळं त्याच्या परवानगीने लिहितो आहे. त्याचं आणि त्याच्या कंपनीचं नाव मात्र देत नाही.

ही श्रीमंती येते कशी, ते आपल्यापैकी जे या क्षेत्रात नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नोकरीवर घेताना कंपनी पगाराबरोबर काही शेअर देऊ करते. ते एकदम हाती पडत नाहीत, साधारण चार वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळतात. याला इथे 'व्हेस्ट होणं' म्हणतात. शिवाय दरवर्षी थोडे नवे शेअर मिळतात. कंपनीचा भाव जागच्या जागी राहिला तर हा नुसता बरा बोनस असतो. भाव वीसपट झाला तर चार वर्षांच्या पगाराची वीस जन्मांची पुंजी होते. १९८६ मध्ये मायक्रोसॉफ्टचे, २००४ मध्ये गूगलचे आणि २०१२ मध्ये फेसबुकचे शेअर बाजारात आले, तेव्हा हेच घडलं. भारतातही २०२१ च्या सप्टेंबरमध्ये चेन्नईत वाढलेली फ्रेशवर्क्स नॅस्डॅकवर आली. तिचे पाचशेहून अधिक कर्मचारी कोट्यधीश झाले आणि त्यांतले सत्तरएक जण तिशीच्या आतले होते, असं तिच्या संस्थापकांनी तेव्हा सांगितलं होतं. गेल्या दोन-तीन वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेने पुन्हा काही जणांची घरं भरली. माझा भाचा त्यांतला एक.

आता त्याच्याच तोंडून ऐकलेली एक गोष्ट सांगतो, कारण माझ्या सगळ्या लिहिण्याचं मूळ तिच्यात आहे. २०१८ मध्ये शिक्षण संपलं तेव्हा त्याच्या हातात दोन नोकऱ्या होत्या. दोन्ही चिप कंपन्या, पगार जवळजवळ सारखा. त्याने ही निवडली, कारण तेव्हा त्याच्याकडे गाडी नव्हती आणि हे ऑफिस त्याच्या खोलीपासून सायकलच्या अंतरावर होतं. त्याच्याबरोबर खोलीत राहणारा नागपूरचा मित्र, त्याच्याच वर्गातला आणि त्याच्या मते त्याच्यापेक्षा हुशार, दुसरीकडे गेला. त्या कंपनीचा शेअर घसरत गेला. २०२४ मध्ये तिथे नोकरकपात झाली आणि त्यात या मित्राची नोकरी गेली. एच-वन-बी व्हिसावर नोकरी सुटली की दुसरी शोधायला ६० दिवस मिळतात. त्या दिवसांत नोकरी मिळाली नाही. बायको आणि इथे जन्मलेली दीड वर्षाची मुलगी यांना घेऊन तो नागपूरला परतला. विमानतळावर सोडायला माझा भाचाच गेला होता. वाटेत त्याने मित्राला पैसे देऊ केले. मित्र म्हणाला, "मला उसने नकोत रे. मला नोकरी हवी होती."

त्या दिवसापासून भाच्याचं बिनसलं आहे.

अशा बिनसण्याला एक नावही आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीला, पहिल्या डॉटकॉम तेजीत, स्टीफन गोल्डबार्ट आणि जोन डिफ्युरिया या इथल्याच दोन मानसशास्त्रज्ञांनी 'सडन वेल्थ सिंड्रोम' हा शब्द वापरात आणला. अपराधी वाटणं, एकटं पडणं, पैसा जाईल ही सततची धास्ती, आता आपण कोण आहोत हेच न कळणं, अशी त्याची लक्षणं. वैद्यकशास्त्राने मान्य केलेला हा आजार नव्हे. तरी यातलं दुःख खोटं आहे असं मी म्हणणार नाही. भाच्याच्या चेहऱ्यावर ते मी पाहिलं आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. या दुःखावरून आपण लगेच "बघा, पैशाने सुख मिळत नाही" या समजुतीवर जातो. ती समजूत श्रीमंतांना सोयीची आणि गरिबांना गप्प बसवणारी आहे. शिवाय ती पुराव्याला धरून नाही. १९७८ चा एक अभ्यास यासाठी नेहमी पुढे केला जातो. ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलिनॉय राज्यातले लॉटरी जिंकलेले २२ जण आणि सामान्य आयुष्य जगणारे २२ जण यांची तुलना केली, आणि दोघांच्या सुखात लक्षात घ्यावा असा फरक आढळला नाही. पण २२ माणसं म्हणजे किती? माझ्या प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने एवढ्या नमुन्यावर एवढा मोठा निष्कर्ष काढला तर मी त्याला परत पाठवीन. २०२० मध्ये लिंडक्विस्ट, ओस्टलिंग आणि सेसारिनी यांनी स्वीडनमधल्या लॉटरी विजेत्यांचा खूप मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठं बक्षीस मिळालेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान वाढलेलं होतं आणि दहा वर्षांनंतरही ते टिकून होतं. रोजच्या आनंदावर आणि मानसिक आरोग्यावर झालेला परिणाम मात्र त्यापेक्षा बराच कमी दिसला. म्हणजे पैशाने आयुष्याचा पाया पक्का होतो, पण सकाळी कशासाठी उठायचं याचं उत्तर त्यातून मिळत नाही. भाचा बुधवारी जे म्हणाला ते साधारण हेच होतं.

मग ते उत्तर कुठे शोधायचं? मला वाटतं, सुरुवात "हे माझ्याकडे कसं आलं?" या प्रश्नापासून करावी. आपली मुलं हा प्रश्न टाळतात, कारण त्याचं एक तयार उत्तर त्यांना लहानपणापासून पढवलेलं असतं: मेरिट. बारावीचे गुण, प्रवेशपरीक्षा, जीआरई, मुलाखतीच्या सहा फेऱ्या. कष्ट खरे आहेत, ते कोणीच नाकारत नाही. पण कष्टांनी त्याला नोकरी मिळाली, आणि नोकरीचे कोट्यवधी झाले ते सायकलच्या अंतरामुळे. आरक्षणाचा विषय निघाला की शनिवारच्या जेवणात तावातावाने मेरिटची बाजू मांडणारे आपले मित्र स्वतःच्या शेअरच्या किमतीचं श्रेय कोणत्या प्रवेशपरीक्षेला देतात, हे मला एकदा विचारायचं आहे.

नशीब उलटं फिरलं की हेच जास्त स्पष्ट दिसतं. मी २००० साली विद्यार्थी म्हणून इथे आलो, तेव्हा माझा एक रूममेट नेटवर्किंगच्या एका नव्या कंपनीत होता. त्याला दोन डॉलरला शेअर घ्यायचा हक्क होता आणि बाजारात भाव होता नव्वद. त्याने ते विकत घेतले आणि वर्षभर ठेवले तर कर कमी लागेल म्हणून विकले नाहीत. १० मार्च २००० ला नॅस्डॅकचा निर्देशांक ५,०४८ वर बंद झाला होता. ऑक्टोबर २००२ पर्यंत तो १,११४ वर आला. त्याचा शेअर तर २००१ च्या एप्रिलमध्येच तीन डॉलरवर होता. पण अल्टरनेटिव्ह मिनिमम टॅक्स नावाच्या कराचा हिशेब शेअर घेतल्या दिवशीच्या फरकावर, म्हणजे शेअरमागे ८८ डॉलरच्या नफ्यावर झाला. तो नफा त्याने कधी पाहिलाच नव्हता. असे हजारो लोक होते. अखेर ऑक्टोबर २००८ मध्ये काँग्रेसने कायदा करून अशी थकलेली देणी माफ केली. तोवर माझा रूममेट हप्ते भरत होता आणि घरी आईवडिलांना काही सांगत नव्हता. आज त्याला कोणी मूर्ख म्हणतं आणि माझ्या भाच्याला हुशार. मी दोघांनाही जवळून पाहिलं आहे. हुशारीत मला तरी काही फरक दिसला नाही.

नशिबाच्या पलीकडे आणखी एक हिशेब आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. या संपत्तीत कोणाचा हात लागला आणि वाटा कोणाला मिळाला? मायक्रोसॉफ्टमध्ये नव्वदच्या दशकात वर्षानुवर्षं तेच काम करणारे, पण कागदोपत्री 'तात्पुरते' असे हजारो लोक होते. त्यांच्या ओळखपत्राचा रंगही वेगळा असे. त्यांना कर्मचाऱ्यांना मिळणारे सवलतीचे शेअर मिळत नव्हते. ते कोर्टात गेले, आणि २००० च्या डिसेंबरमध्ये कंपनीने ९ कोटी ७० लाख डॉलर देऊन तो दावा मिटवला. त्यानंतर कंपन्या शिकल्या, पण काय शिकल्या? मार्च २०१९ मध्ये गूगलमध्ये कायम कर्मचारी सुमारे १ लाख २ हजार आणि कंत्राटी व तात्पुरते मिळून सुमारे १ लाख २१ हजार असल्याचं 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापलं होतं. कॅफेटेरियात वाढणारे, रात्री मजला पुसणारे, आणि कोड तपासणारेही त्यात येतात. शेअर व्हेस्ट होतात ते पहिल्या आकड्यातल्यांचे.

आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचंच घ्या. २०१२ मध्ये टोरोंटो विद्यापीठातल्या तिघांनी व्हिडिओ गेमसाठी बनवलेली दोन ग्राफिक्स कार्डं वापरून चित्रं ओळखणारी संगणकप्रणाली शिकवली. या चिपांच्या आजच्या मागणीची सुरुवात तिथे आहे. टोरोंटो हे सरकारी पैशावर चालणारं विद्यापीठ. ती प्रणाली शिकली ती इमेजनेट नावाच्या चित्रसंग्रहावर. तो संग्रह प्राध्यापक फे-फे ली यांच्या गटाने उभा केला, तेव्हा जवळजवळ १ अब्ज चित्रं चाळून त्यांवर नावं लिहिण्याचं काम १६७ देशांतल्या सुमारे ५० हजार लोकांनी घरबसल्या केलं होतं, थोड्याथोडक्या सेंटच्या मोबदल्यात. खुद्द इंटरनेट १९६९ च्या आर्पानेटपासून अमेरिकी करदात्यांच्या पैशावर वाढलं. आणि माझा भाचा महाराष्ट्रातल्या एका सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकला. तिथली त्याची वर्षाची फी त्याच्या इथल्या एका दिवसाच्या पगाराहून कमी होती. उरलेली कोणी भरली?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात हेच विचारलं होतं: सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांसाठी, हे कसं? आपण फुल्यांच्या जयंतीला भाषणं करतो, पण त्या प्रश्नातले 'वरचे वर्ग' म्हणजे आज कोण, याचा शोध घेत आरशापर्यंत फारसे जात नाही. मी स्वतः त्यात आहे. माझंही शिक्षण त्याच महसुलावर झालं.

आता घरचं. पैसा आला की आपल्या माणसांत त्याचं काय होतं, ते इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. भाच्याने आईवडिलांसाठी पुण्यात बाणेरला तीन बेडरूमचा फ्लॅट घेतला. भावोजी वीज मंडळातून निवृत्त झालेले. ते दर महिन्याला काही ना काही कारण काढून एसटीने सांगलीला जातात आणि आठ दिवस परत येत नाहीत. ताई फोनवर म्हणाली, "सगळं छान आहे रे. पण इथे खालून हाक मारणारं कोणी नाही." चुलत्यांकडून एकाच्या शिक्षणासाठी आणि दुसऱ्याच्या ट्रॅक्टरसाठी विचारणा झाली. दोन्ही रास्त होत्या, आणि दोन्ही दिल्या. तिसरी दिली नाही, तेव्हा घरातल्या लग्नाचं आमंत्रण आलं नाही. पूर्वी हा मुलगा सगळ्यांचा भाऊ होता, आता तो बँक झाला आहे. आणि बँकेला कोणी "जेवलास का?" असं विचारत नाही.

आपल्या लोकांची आणखी एक विचित्र अडचण आहे. याच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी राजीनामे दिले. एक जण आता शाळेत गणित शिकवतो, एक जण बोटी बांधायला शिकतो आहे. माझा भाचा राजीनामा देऊ शकत नाही, कारण नोकरी सोडली की त्याचेही ६० दिवस सुरू होतात. भारतीयांसाठी ग्रीनकार्डाची रांग दहा वर्षांहून लांब आहे. बँकेत ४० लाख डॉलर आणि खुर्चीतून उठायची परवानगी नाही! याला एक पळवाट आहे. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे ठरावीक भागांत किमान ८ लाख डॉलर गुंतवले की ईबी-५ नावाच्या वेगळ्या रांगेतून जाता येतं. त्याच्या सल्लागाराने हाच मार्ग सुचवला आहे. "मामा, सल्लागाराच्या ऑफिसात मला त्या नागपूरच्या मित्राची मुलगी आठवत होती," तो म्हणाला. "तिच्या बापाला ही रांग का नव्हती?" मी काय उत्तर देणार? त्याने अर्ज करावा असंच मी सांगितलं. त्याच्या अर्ज न करण्याने नागपूरला काहीच मिळणार नाही. पण ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्यासाठी दार आणि इतरांसाठी रांग, ही व्यवस्था चुकीची आहे हे दारातून आत गेल्यावरही म्हणत राहायचं, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

तर आता करायचं काय? मी अर्थतज्ज्ञ नाही. पण या निमित्ताने जे वाचलं आणि विचारलं, त्यातून काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली म्हणजे कर. शेअर व्हेस्ट होतात त्या दिवशी ते पगारातच धरले जातात. दहा लाख डॉलरपर्यंतच्या अशा रकमेवर कंपनी सहसा सरसकट २२ टक्के केंद्रीय कर कापते. प्रत्यक्षात देय कर त्याहून बराच जास्त असू शकतो, आणि एप्रिलमध्ये धक्का बसतो. तेव्हा ती रक्कम आधीच बाजूला ठेवा. आणि हा कर भरताना कुरकुर करू नका. आर्पानेट असल्याच करातून झालं होतं. कर वाचवण्याच्या कायदेशीर युक्त्यांवर जेवढे शनिवार आपण घालवतो, त्यातला एखादा शनिवार तरी या पैशाने कोणती शाळा चालते हे पाहण्यात घालवावा.

दुसरी म्हणजे दान. सल्लागार 'डोनर-अडव्हाइज्ड फंड' उघडायला सांगतात. वाढलेला शेअर त्यात टाकला की त्या वाढीवर कर नाही आणि करसवलत त्याच वर्षी मिळते. मात्र त्यातून प्रत्यक्ष संस्थेला पैसे कधी द्यायचे, याची कायद्याने मुदत नाही. म्हणजे पुण्य आज नोंदवायचं आणि दान सवडीने करायचं. उघडायचाच असेल तर स्वतःच स्वतःला मुदत घाला. भारतात द्यायचं असेल तर भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी एफसीआरए कायद्याखाली 'परदेशी' धरली जात नाही. अमेरिकन नागरिक झालेल्याची धरली जाते. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, त्यामुळे मोठ्या संस्थांमार्फत मदत मिळवणाऱ्या खेड्यातल्या लहान संस्थांची कोंडी झाली. थेट भारतात दिलेल्या पैशावर इथे करसवलत नाही हे खरं. पण सवलत मिळत नाही म्हणून ज्याचं देणं थांबतं, त्याने आपण नक्की काय देत होतो ते तपासावं.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. एकट्याने ठरवू नका. पेजमेकर बनवणाऱ्या अल्डस कंपनीचे पॉल ब्रेनर्ड यांनी १९९४ मध्ये कंपनी अ‍ॅडोबीत विलीन झाल्यावर काही वर्षांत, १९९७ मध्ये, सिअ‍ॅटलमध्ये 'सोशल व्हेंचर पार्टनर्स' सुरू केली. तिथले नवश्रीमंत पैसे एकत्र ठेवतात, कोणाला द्यायचे ते मिळून ठरवतात आणि त्या संस्थांमध्ये स्वतः काम करतात. मला यातला 'मिळून' हा भाग आवडतो. मी तर आणखी पुढे जाईन. ठरवणाऱ्यांमध्ये ज्यांच्यासाठी पैसे आहेत तीही माणसं हवीत. नाहीतर आपण जुन्या काळच्या सावकारासारखे देवळावर आपलं नाव कोरून मोकळे होणार.

हे सगळं भाच्याशी बोलताना शहाणपणाचं वाटत होतं. मग ते माझ्यावरच आलं. आमच्या प्रयोगशाळेच्या अनुदानाचं यंदा नूतनीकरण झालं नाही. माझ्याकडे एक पोस्टडॉक मुलगी आहे, बांगलादेशची, उत्तम काम करणारी. मार्चनंतर तिच्या पगाराची सोय नाही, म्हणजे तिच्या व्हिसाचीही नाही. हे भाच्याला बोलण्याच्या ओघात कळलं. रविवारी त्याचा फोन आला. "मामा, तुझ्या लॅबला मी दोन वर्षांचे पैसे दिले तर? मला त्यात अर्थ वाटतो."

दोन रात्री मला झोप लागली नाही. घ्यावेत असं फार वाटत होतं. त्या मुलीचा प्रश्न सुटला असता, माझं प्रथिन वाचलं असतं आणि भाच्याला सकाळी उठायला कारण मिळालं असतं. पण आमच्याच मजल्यावर आणखी तीन प्रयोगशाळांची हीच गत आहे आणि त्यांच्यापैकी कोणाचाही भाचा चिप कंपनीत नाही. कोणता जंतू अभ्यासायचा हे कोणाच्या बहिणीचा मुलगा कुठे नोकरीला लागला यावरून ठरू लागलं, तर मेरिटवर मी वर जे काही लिहिलं त्याला काय अर्थ राहिला? शेवटी मी त्याला सांगितलं की द्यायचे असतील तर विभागाच्या सामाईक निधीत दे, नाव न घालता. ज्यांची नोकरी जाणार आहे त्यांच्यातून कोणाला आधी, हे एक समिती ठरवील. त्या समितीत तू नाहीस आणि मीही नाही.

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे तुझ्या मुलीला मिळणार नाही असंही होऊ शकतं."

"होऊ शकतं," मी म्हटलं.

त्याने पैसे दिले आहेत. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. मी ठरवलेलं बरोबर की चूक, हे मला आजही खात्रीने सांगता येणार नाही. त्या मुलीला मी सगळं सांगितलं, तेव्हा तिने मान हलवली आणि ती आपल्या पेट्री डिशकडे वळली. तिच्याशी नजर मिळवणं मला अजून जड जातं.

दर दुसऱ्या बुधवारी मात्र भाचा संध्याकाळी ईस्ट सॅन होजेच्या एका वाचनालयात शाळकरी मुलांना गणित शिकवायला जातो. पगार न घेता केलेल्या अशा कामाला व्हिसाची आडकाठी नाही, ते त्याने आधी विचारून घेतलं होतं. त्यातल्या एका मुलाची आई त्याच्याच ऑफिसात रात्रीची साफसफाई करते, कंत्राटावर. हे त्याला तिसऱ्या आठवड्यात कळलं. सहा वर्षं एकाच इमारतीत असून त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं. आता तो तिच्या युनियनच्या सभेला जाणार आहे. तिथे जाऊन काय बोलायचं, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, पहिल्या सभेत काही बोलू नकोस, ऐकून ये.

मित्रहो, तुमच्या घरात, शेजारात अशी मुलं असतील. कदाचित तुम्ही स्वतःच असाल. त्यांचं कौतुक करा, पण "तुझं मेरिट" म्हणून करू नका. आणि "बिचारा, पैशाने सुखी नाही" असं म्हणून त्यांना मोकळंही सोडू नका. जेवायला बोलवा. सायकलच्या अंतराची गोष्ट सांगा. आणि तुमचा अनुभव याहून वेगळा असेल तर मला जरूर कळवा. मला तो हवा आहे.

आपला,
संपादक